आधी संडास दाखवा

"आधी संडास दाखवा."

कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्राच्या ऑफिसात शिरल्यावर बाईंचं हे पहिलं वाक्य असे. समोरचा माणूस गुळगुळीत माहितीपत्रक पुढे करी, संस्थापकांच्या फोटोखाली मांडलेल्या ट्रॉफ्यांकडे बोट दाखवी. बाई खुर्चीवर टेकतसुद्धा नसत. पदर खोचून उभ्याच. "ते नंतर वाचू. आधी संडास."

आमच्या पूनम सागर सोसायटीत त्या माझ्या समोरच्या दारात राहत. महापालिकेच्या इस्पितळात तीस वर्षं आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. बिल्डिंगमधले लोक त्यांना आदराने 'सिस्टर' म्हणत आणि बाई दर वेळी दुरुस्ती करत, "सिस्टर नाही, आया. सिस्टर इंजेक्शन द्यायच्या, मी बेडपॅन द्यायचे." आमच्या सोसायटीचा खजिनदारसुद्धा नोटिशीवर स्वतःच्या नावामागे 'माननीय' लावतो. अशा ठिकाणी आपला हुद्दा उतरवून सांगणारी व्यक्ती तुम्हीही लक्षात ठेवली असती.

नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला, हुशार, गोड बोलणारा. चौतिसाव्या वर्षी तो सकाळी उठल्याउठल्या प्यायला लागला. आधी नोकरी गेली, मग बायको माहेरी गेली. तेव्हा बाईंनी माझं दार वाजवलं.

"साहेब, तुम्ही विम्याच्या ऑफिसात होता ना? ही पॉलिसी वाचा. पोराला भरती करायचंय."

मी वाचली. असली कलमं लोकांना समजावून निराश करण्यातच माझी नोकरी सरली होती, त्यामुळे वेळ लागला नाही. दारूपायी जे काही होईल त्याचा खर्च कंपनी देणार नव्हती.

"एवढी पानं लिहिलीत, आणि माझा पोरगा कुठेच नाही?"

"आहे. 'वगळलेल्या बाबी'मध्ये आहे."

बाई हसल्या. "चला, सापडला तरी."

मग आम्ही दोघं केंद्रं बघत हिंडू लागलो. यादी माझी, इंटरनेटवरचे तारे मोजून काढलेली. परीक्षा बाईंची. हायवेलगतच्या एका बंगल्यात ध्यानासाठी वातानुकूलित हॉल होता, भिंतीवर सुविचार होते, मी तर प्रभावित झालो होतो. बाई आत जाऊन दोन मिनिटांत परतल्या. "चला साहेब. संडासाची कडी बाहेरून आहे." रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "आत गेलेला माणूस कधी बाहेर यायचा ते दुसरं कुणी ठरवतंय. नको."

दुसऱ्या ठिकाणी संडास पास झाला. मग बाईंचा पुढचा प्रश्न, "रात्री डॉक्टर कुठे असतो?" संस्थापक भारदस्तपणे म्हणाले, "आमच्याकडे शिस्त हेच औषध."

"रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली की फिट येते. वॉर्डात असे पेशंट मी धरून बसलेय. फिट आली की त्याच्या तोंडात शिस्त घालणार का?"

तिसऱ्या ठिकाणी महिन्याला तीस हजार मागितले आणि वर एक सोयही सांगितली. "मॅडम, आप टेन्शन मत लो. हमारी गाडी आयेगी, चार लोग आयेंगे. बेटे को उठाके ले जायेंगे."

"मेरा लडका फ्रिज है क्या?" बाई म्हणाल्या. "चार लोग उठाके ले जायेंगे? वो अपने पाव से आयेगा."

"पाव से कोई नहीं आता, मॅडम."

"तो मैं रुकूंगी."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. या थांबण्यावर माझा विश्वास नव्हता. पुढच्या आठवड्यात मुलगा जिन्यात पडला, कपाळाला चार टाके पडले, आणि मी बाईंना न विचारता त्या तिसऱ्या ठिकाणी फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. चार जण वर आले. बाई दारात उभ्या राहिल्या, चौघांना नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "चहा घेणार?"

असल्या कामावर आलेल्या माणसांना चहा कुणी विचारत नसावं. ते गोंधळून बसले. त्यांतल्या पन्नाशीच्या एकाला बाईंनी विचारलं, "तुम्ही पण पेशंटच ना? घरी कधी गेला होता?"

तो बशीकडे बघत म्हणाला, "दीड वर्ष झालं, ताई. बरा झालोय. पण सोडत नाहीत. कामाला ठेवलंय."

चहा पिऊन चौघं रिकाम्या हातांनी परत गेले. फोन कुणी केला हे बाईंना कळलं होतं. मला वाटलं, आता बोलणंच बंद. त्या फक्त म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पुस्तकं फार वाचता. शेवटचं पान लवकर बघायची सवय लागते."

त्या रविवारी त्यांनी जे केलं, ते माझ्याच्याने सात जन्मांत झालं नसतं. बुद्धविहारात वंदना झाली, सूचना झाल्या, आणि कुणाला काही सांगायचंय का, असं विचारल्यावर बाई उठल्या. "माझा मुलगा दारू पितो. सकाळपासून पितो. कुणाच्या घरातलं माणूस कुठे बरं झालं असेल तर जागा सांगा. लाज मला वाटायची, ती वाटून झाली." अध्यक्ष घाईघाईने पुढच्या कार्यक्रमाकडे वळले. पण चपला घालताना तीन बायका एकेक करून बाईंपाशी आल्या. तिघींनी आवाज खाली करून सांगितलं. त्यांतल्या दोघींनी एकाच जागेचं नाव घेतलं.

माझ्या यादीत ती जागा नव्हती. जुन्या इमारतीचा तळमजला, पाटीचा रंग उडालेला, ट्रॉफी एकही नाही. पहिले दहा दिवस शेजारच्या धर्मादाय इस्पितळात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नंतर दोन महिने इथे. दर शनिवारी घरच्यांनीही येऊन बसायचं. बाईंनी संडास पाहिला, आतली कडी दोनदा लावून काढली. मग स्वयंपाकघरात जाऊन डाळीत डाव फिरवला. बाहेर येऊन, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच, खुर्चीवर बसल्या. "आता बोला, पैसे किती?"

फी माफक होती, तरी इस्पितळ धरून पेन्शनीला झेपणारी नव्हती, आणि घराचा हप्ता मुलाच्या पगारावर चालायचा. नातेवाइकांनी घर विका म्हटलं. बाईंनी विकलं नाही, भाड्याने दिलं. हप्ता भाड्यातून, फी डिपॉझिटमधून. स्वतः मुलाला घेऊन जवळच्या मोरवा गावात एका खोलीत गेल्या. टेम्पोत कपाट चढवताना खजिनदार हळहळला, "सिस्टर, फ्लॅटमधून गावठाणात?"

"आया," बाई म्हणाल्या. "आणि गावठाणात माणसंच राहतात."

मुलाला त्यांनी एकदाच सांगितलं, "जागा बघून ठेवलीये. मी ओढून नेणार नाही. तू चल म्हणालास की निघू." तो रोज पीत होता आणि बाई रोज त्याची भरलेली बॅग दाराशी ठेवत होत्या. मी फोन करून विचारायचो, "काय म्हणतोय?" बाई म्हणायच्या, "बॅगेला पाय लावून जातोय. म्हणजे दिसतेय त्याला." अकराव्या दिवशी सकाळी तो थरथरत उठला आणि म्हणाला, "आई, चल."

अडीच महिन्यांनी बरा होऊन आला. पाच महिने नीट राहिला, छोटी नोकरीही धरली. मग एका लग्नात ग्लास हातात घेतला, आणि दोन आठवड्यांत पुन्हा सकाळच्या पिण्यापर्यंत पोचला. हे कळल्यावर माझ्या मनात तेच आलं जे तुमच्या आत्ता आलं असेल.

बाईंच्या नावाने एक पत्र आमच्याकडे आलं होतं, ते द्यायला मी मोरव्याला गेलो. बाई परातीत ज्वारीचं पीठ मळत होत्या. मुलगा बॅगेची चेन लावत होता. चेहरा सुजलेला, दाढी वाढलेली.

"जातोय गं," तो म्हणाला.

"टॉवेल घेतलास?"

"घेतला."

तो निघाला. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा स्टँड आहे, आणि स्टँडच्या पुढे बार. मी घाईने चपला शोधू लागलो. "मी सोडून येतो त्याला."

"बसा साहेब."

"अहो, पण वाटेत..."

"बसा."

बसलो. बाई पीठ मळत राहिल्या. ते केव्हाच मऊ झालं होतं, तरी मळत राहिल्या. गल्लीकडे त्यांनी मान वळवली नाही. मीच दहा वेळा वळवली. पाऊण तासाने त्यांचा फोन वाजला. बाईंनी आपल्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही उचला."

मी उचलला. मागे कुणाची तरी नावं पुकारत होते. "आई, इस्पितळात पोचलो," मुलगा म्हणत होता. "नंबरला वेळ आहे. बरीच रांग आहे."

मी बाईंना सांगितलं.

"रांगेत उभा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

बाईंनी एक गोळा तोडून हातावर घेतला. "मग जेवून जा. तवा तापलाय."