काशिनाथने मागितलेला रेग्युलेटर

कंप्रेसर चालू असला की मला फोन ऐकू येत नाही. त्या सकाळी हवेचे दोन सिलिंडर भरायला लावले होते. ते भरून झाल्यावर मशीन बंद केलं तेव्हा फोनवर सरळगावहून येऊन गेलेले चार कॉल दिसले. चारही काशिनाथच्या बायकोचे, सुगंधावहिनींचे. मी उलट फोन लावला, आणि पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, "दादा, हे गेले." काशिनाथ आता फार दिवस काढत नाही हे आम्हा सगळ्यांना महिनाभर माहीत होतं, त्यामुळे धक्का बसला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला वाटली ती लाज. माणूस गेल्याचं कळल्यावर दुःख व्हायच्या आधी लाज वाटावी, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. ती कशाची, हे सांगायला मला आज सात आठवडे लागले आहेत.

माझं शहापूरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत छोटं वर्कशॉप आहे. उमेदीची वीसेक वर्षं मुंबईच्या गोदीत पाणबुड्या माणसांची उपकरणं दुरुस्त करण्यात गेली, आणि मग गावाची ओढ म्हणा, नाहीतर कंटाळा म्हणा, मी इथे शेजारीच सापगावला परत आलो. इकडे धरणं पुष्कळ, पण सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. त्यांच्यात काशिनाथ सगळ्यात जुना. मुरबाडकडचा, भातशेतीवाल्या घरातला. घरात कुणी कधी पाण्यात काम केलेलं नव्हतं. हा मात्र एका ठेकेदाराबरोबर धरणाच्या कामाला हेल्पर म्हणून गेला आणि पाणबुड्या होऊन परत आला. पाण्याखालच्या जाळ्यांना अडकलेला काडीकचरा काढायचा, दरवाज्यांची रबरं हाताने चाचपून बघायची, कुठे विहिरीत पडलेला पंप वर काढायचा, असं त्याचं काम. आणि या सगळ्याखेरीज, कुणी बुडालं की पहिला फोन त्याला जायचा. सहलीला आलेली माणसं, कपडे धुवायला गेलेल्या बायका, पाय घसरलेले म्हातारे… या कामाचा त्याने कधी एक पैसा घेतला नाही.

बुडालेल्या माणसाला वर आणायची त्याची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. खाली उतरताना तो कमरेला एक जुनी चादर बांधून न्यायचा. माणूस सापडला की पाण्याखालीच त्याला चादरीत गुंडाळायचा, गाठी मारायचा आणि मग वर आणायचा. खालच्या गढूळ पाण्यात, हातांनी चाचपत, हवा संपत आलेली असताना हे करणं म्हणजे काय, ते उतरलेल्यालाच कळेल. मी एकदा रागावलो होतो. म्हटलं, "अरे, चादर वर आल्यावर घाल ना. खाली कशाला जीव धोक्यात घालतोस?" तर म्हणाला, "काठाव त्याची आई उभी असते दादा. तिनं पहिलं कसं बघायचं, ते आपल्या हातात हाय."

एरवी मात्र माणूस मोठा गमत्या. तंबाखू-चुन्याचं व्यसन जबरदस्त. गोळी नेहमी उजव्या गालात. पाण्यात उतरण्याआधी तीनदा खळखळून चूळ भरायचा, आणि बाहेर आला की अंगावरचं ओझं उतरवायच्या आधी हात पुढे करायचा, "चुना कुठंय?" मी म्हणायचो, काशिनाथ, तुला पाण्याखाली तंबाखू मळता आला असता तर तू वर आलाच नसतास. त्यावर तो मान मागे टाकून हसायचा. आम्ही सगळेच हसायचो. तंबाखूवरून मी त्याची थट्टा किती केली असेल याला हिशोब नाही, पण सोड म्हणून एकदाही मनापासून बजावलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली गोष्ट. किन्हवलीच्या बाजूला एका फार्महाउसवाल्या शेठचा पुतण्या बुडाला होता. काशिनाथने तिसऱ्या बुडीत त्याला वर आणलं, नेहमीसारखं चादरीत गुंडाळून. काही दिवसांनी ते शेठ मुद्दाम माझ्या वर्कशॉपमध्ये आले. म्हणाले, पैसे तो घेणार नाही हे मला कळलंय, पण त्याला कामाची एखादी वस्तू द्यायची आहे, जी हवी ती, किमतीचा विचार करू नका. मी काशिनाथला बोलावून घेतलं. मला वाटलं, लाजून काहीच नको म्हणेल. तो बाकावर बसला, चहा बशीत ओतला, आणि बशीकडे बघतच म्हणाला, "टायटॅनियमचा रेग्युलेटर पायजे."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिलिंडरमधली दाबाखालची हवा माणसाला श्वास घेता येईल अशी करून तोंडात पोचवतो तो रेग्युलेटर. एक भाग सिलिंडरवर बसतो, दुसरा तोंडात धरायचा. त्याला रबरी माउथपीस असतो आणि तो दातांखाली घट्ट पकडून ठेवावा लागतो. नेहमीचा रेग्युलेटर पितळेचा, वरून क्रोमचा मुलामा. टायटॅनियमचा वजनाला हलका, खाऱ्या पाण्याने न गंजणारा, आणि किमतीला दुपटी-तिपटीच्या पुढचा. काशिनाथने लेकीच्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ पाहिला होता.

आता ही गोष्ट म्हणजे माझा हातखंडा विषय. शेठसारखा माणूस समोर, आणखी दोघे-तिघे दारात उभे… मी खुललोच. म्हटलं, टायटॅनियम समुद्रासाठी. महिनोन्महिने बोटीवर राहणाऱ्याने घ्यावं, विमानाने सामान नेणाऱ्याने घ्यावं. आपलं पाणी गोडं, तिथे पितळ जन्मभर टिकतं. श्वास दोन्हीतून सारखाच येतो. त्यातून तोंडातल्या भागात बरंचसं प्लास्टिकच असतं, तिथे वजन कमी होऊन होऊन किती होणार? त्यापेक्षा पितळेचे दोन दणकट सेट घ्या, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करा, उरलेल्यात चांगला दोर आणि टॉर्च घ्या. सगळं ऐकून घेऊन काशिनाथ म्हणाला, "ते खरं हो. पन तोंडात जड लागतं दादा. जबडा भरून येतो."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "भरलेला सिलिंडर पाठीवर टाकून टेकाड चढतोस, आणि एवढंसं तोंडात जड लागतं? जबडा तोळामासा झाला काय रे तुझा?" सगळे हसले. काशिनाथही हसला. मग म्हणाला, "दादा बोलले म्हंजे तसंच आसंल." खरेदी माझ्या सांगण्याप्रमाणे झाली. आयुष्यात त्या माणसाने एकदाच कुणाकडे काही मागितलं होतं, आणि ते न देण्याचं शहाणपण मी शिकवलं. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर भलताच खूश होतो.

आजही कुणी विचारलं तर मी हेच उत्तर देईन. आपल्या धरणांत, आपल्या कामासाठी टायटॅनियमवर पैसे घालण्यात अर्थ नाही. उत्तर बरोबर होतं, आणि तेच मला जास्त छळतं. चुकीचं असतं तर चूक कबूल करून मोकळा झालो असतो. त्या माणसाने धातूबद्दल विचारलंच नव्हतं. कधी कशाला जड न म्हणणारा काशिनाथ 'जड लागतं' म्हणतो, तर समोरच्याने निदान 'कधीपासून?' एवढं तरी विचारायला नको होतं का? मी विचारलं नाही. मला माहिती सांगायची होती.

पुढचे पाच-सहा महिने, पावसाळा लागेपर्यंत, तो त्याच पितळी सेटने कामं करत राहिला. पावसाळ्यानंतर तोंड नीट उघडेना, तेव्हा कुठे मुरबाडच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी बॅटरी मारून आत बघितलं आणि त्याच दिवशी मुंबईला पाठवलं. तोंडाचा कर्करोग, उजव्या गालापासून जबड्यापर्यंत. शस्त्रक्रिया झाली, किरण झाले, थोडे बरे दिवसही आले, आणि मग परत उलटलं. मी तिकडे चार-पाचदा जाऊन आलो. एकदा तिथले डॉक्टर जिन्यात एकटेच भेटले होते. सहा महिने आधी आला असता तर, हे विचारण्यासाठी मी दोन पायऱ्या चढलोसुद्धा. मग बाजूला सरून त्यांना वाट दिली. शेवटी शेवटी काशिनाथला बोलता येत नव्हतं. मी पलंगाशेजारी बसलो की माझा हात हातात घ्यायचा आणि अंगठा वर करून दाखवायचा, 'सगळं ठीक' असं सांगतात तसा. खरं म्हणजे पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'वर चला' असा होतो, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याला दोन्हींतलं काय म्हणायचं होतं, कोण जाणे.

तेरावं झाल्यावर मी सरळगावला गेलो. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. चहा झाला, इकडचं-तिकडचं बोलणं झालं, आणि सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "दादा, येक इचारू? खरं सांगायचं. त्ये हलकं यंत्र घेतलं आसतं, तर ह्यांना ह्यो रोग झाला नसता ना?" मला आधी उमजेचना. मग लक्षात आलं. इतकी वर्षं ते पितळ तोंडात धरून, त्याचा भार जबड्यावर पडून दुखणं आलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. सोयऱ्याधायऱ्यांतही तसंच बोललं जात होतं. मी घाईघाईने सांगितलं, "नाही वहिनी, तसं अजिबात नाही. हे तंबाखूचं. रेग्युलेटरचा काडीइतका संबंध नाही. हलका घेतला असता तरी झालं ते झालंच असतं." वहिनींनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, "बरं झालं तुमी बोललात. माझ्या मनात तुमच्याबद्दल वंगाळ आलेलं. माफ करा." मला, माफ करा! मी निर्दोष सुटलो. सोबत दिलेली वालाची पिशवी घेऊन घरी आलो आणि दोन दिवस जेवण गेलं नाही.

कारण मी वहिनींना अर्धंच सांगितलं होतं, आणि या लेखात इथवर तुम्हालाही अर्धंच सांगितलं आहे. काशिनाथच्या उपकरणांची सर्व्हिसिंग मीच करायचो. एक माउथपीस साधारण वर्षभर सहज जातो. त्या वर्षी त्याने तीन फाडले. रेग्युलेटर मागितला त्याच्या आधी एक, आणि नंतरच्या पावसाळ्यापर्यंत दोन. तिन्ही मी स्वतःच्या हातांनी काढले आणि नवे बसवले. दातांखाली धरायला त्याला दोन्ही बाजूंनी रबराचे कान असतात. तिन्हींचा डावा कान चावून चावून पार तुटलेला होता, आणि उजवा कोरा करकरीत, दुकानातून आणल्यासारखा. उजवा जबडा तो मिटतच नव्हता. या धंद्यात माझे केस पांढरे झाले, मला हे कळायला हवं होतं. कळलंही होतं थोडंसं. तिसऱ्या खेपेला मी त्याला म्हणालोसुद्धा, "बैलासारखा एका अंगाने काय रवंथ करतोस रे?" आणि नवा माउथपीस घट्ट बसवून दिला, म्हणजे त्याला आणखी काही महिने खाली जाता यावं.

हे लिहून झालं तेव्हा ठरवलं, वहिनींनी ऐकल्याशिवाय हे कुठे पाठवायचं नाही. मागच्या रविवारी कागद घेऊन गेलो, आणि जुन्या सामानातून शोधून काढलेले ते तीन माउथपीसही. ओटीवर बसून सगळं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तिन्ही माउथपीस वहिनींनी मांडीवर घेतले आणि एकेकाचा तो कोरा कान अंगठ्याने चोळत राहिल्या. मी त्यांच्या शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगतो, त्या हव्या होत्या.

वहिनी म्हणाल्या, "छापा. पन तुमी येकट्यानंच बघितलं आसं नका लिवू. माझंबी लिवा. त्या सालच्या पूस म्हयन्यापासनं त्ये भाकर कालवनात कुस्करून खायाचे. घास डाव्या अंगाला घ्यायाचे. म्या रोज वाढीत व्हते… मला वाटलं, भाकर कडक व्हते माझी. म्हनून म्या तव्यावनं आदीच काढाया लागले."

त्यांनी सांगितलं म्हणून हे लिहिलं. माउथपीस त्यांनी परत दिले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत.