कपड्यांसकट केलेलं वजन

अंगणवाडीत मी मदतनीस आहे. खिचडी शिजवणं, खोली झाडणं, मुलांना घरून आणणं ही माझी कामं. महिन्यातून एकदा लहान बाळांची वजनं होतात, तेव्हा बाळाला टांगत्या काट्याच्या झोळीत ठेवून आकडा वाचायचं कामही माझं. सेविकाबाई दाराशी टेबलावर बसतात, मी सांगितलेला आकडा कार्डावर लिहितात आणि मोबाईलमध्ये भरतात. मला फारसं बोलता येत नाही. आकडा सांगायचा म्हटलं तरी माझा आवाज खाली जातो आणि बाई म्हणतात, "अहो, जरा मोठ्याने. मी काट्यात बसलेली नाही."

आमची अंगणवाडी खराडीच्या मागच्या बाजूला, एका तीन मजली घराच्या तळमजल्यावर भरते. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते. तिला सगळे आक्का म्हणतात. शेती होती तेव्हा आक्का पहाटे टेम्पोत बसून भाजी घेऊन मंडईत जायची. आता शेतावर काचेच्या इमारती आहेत. पण आक्काचा आवाज अजून मंडईतलाच आहे. खोली तिची, त्यामुळे तिच्यासमोर आम्ही दोघीही जपून असायचो.

आक्काच्या सुनेला ओटी भरून माहेरी पाठवायचं ठरलं होतं. त्याआधीच आठव्या महिन्यात तिला कळा आल्या. मुलगी झाली. एकोणीसशे ग्रॅमची. खाजगी दवाखान्यात काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली आणि दिवाळीनंतर घरी आणली.

पहिल्यांदा वजनाला आणली तेव्हा मी सवयीने दुपट्टं सोडायला लागले. बाळाच्या अंगावर एक पातळ झबलं ठेवून बाकी सगळं काढायचं, हे बाईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आक्काने माझा हात धरला.

"उघडं करू नको लेकराला. थंडी हाय, आन् इथं दहा बाया बघत्यात. हाय तसं ठेव."

मी ठेवलं. तेवीसशे आलं. बाई दाराशी दुसऱ्या आईशी बोलत होत्या. मी आकडा सांगितला आणि कपड्यांचं काही बोलले नाही.

मागे उभ्या असलेल्या एका भाडेकरू बाईने लगेच म्हटलं, "आक्कांच्या नातीला चालतं, तर आमच्याच पोराला का काकडवता?" मी तिचंही बाळ तसंच झोळीत ठेवलं. त्या दिवसापासून सगळीच बाळं गुंडाळलेली झोळीत जाऊ लागली. कोणी रडत नव्हतं, कोणी कुरकुर करत नव्हतं, काम लवकर उरकत होतं. मला ते सोपं वाटलं, हे खोटं कशाला लिहू?

डिसेंबरात आक्काची नात कुंचीत आणि शालीत आली. सव्वीसशे. आक्का खूश झाली. "बघा, आठव्यात झालेली हाय म्हणून सांगितलं तरी कुणाला पटायचं न्हाई."

जानेवारीत वजनाच्या दिवशी बाईंना ऑफिसात मीटिंग होती. मी आकडे कागदावर लिहून ठेवायचे असं ठरलं. सगळ्या आया निघून गेल्यावर आक्काची सून एकटीच बाळाला घेऊन खाली आली. कुंची, वर जाड लोकरी शाल, त्यावर आणखी एक दुपट्टं. काटा अठ्ठावीसशेवर थांबला. मी कागदावर लिहिलं. शालीचं टोक झोळीच्या पट्ट्यात अडकलं होतं, म्हणून तिने बाळाला त्या गाठोड्यातून अलगद सोडवलं आणि नुसत्या झबल्यावर उचललं.

मी झोळी काढायला वर पाहिलं. काटा शून्यावर गेला नव्हता. रिकाम्या शाल-कुंचीने तो सहाशेवर धरून ठेवला होता.

मला आधी वाटलं काटा अडकला. मी कपडे काढले. काटा शून्यावर आला. पुन्हा ठेवले. सहाशे.

अठ्ठावीसशेतून सहाशे गेले, बावीसशे. जन्माला एकोणीसशे. इतक्या आठवड्यांत तीनशे ग्रॅम. तक्ते मला समजत नाहीत, पण दुसऱ्या बाळांची कार्डं मी रोज हाताळते. तीनशे ग्रॅम बाळं पंधरवड्यात वाढतात.

मी बाळाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मांड्यांची कातडी सैल होती. पाऊल हातात घेतलं तर गार.

"दूध पिते का, ताई?"

"पिते आणि दोन मिनिटांत झोपते," ती म्हणाली. "फार शहाणी आहे, मावशी. रडतच नाही. आता तर सासूबाई बाटलीने वरचं दूधही देतात, पाणी घालून. तेही अर्धं सोडते."

मी बाईंना फोन लावला. तीनदा कट झाला. चौथ्यांदा त्या कुजबुजल्या, "मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

"बाई, आक्कांच्या नातीचं वजन बावीसशेच आहे. मी कपड्यांसकट करत होते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. सगळ्यांचंच."

त्या म्हणाल्या, "ते नंतर बघू. बाळ कसं आहे?"

मी सांगितलं. पाय गार, पितं आणि झोपतं.

"आजच्या आज मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. तिथे आईला बाळाजवळ ठेवून घेतात. मी तिथल्या सिस्टरना कळवते. जाताना बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावा, वरून पांघरूण. आणि आक्कांना तुम्हीच सांगा. मी पोहोचेपर्यंत थांबू नका."

आक्कांना तुम्हीच सांगा. मी जिना चढले. एका हातात काटा होता, दुसऱ्या हातात ती शाल आणि कुंची. सून बाळाला घेऊन मागून येत होती.

आक्का मटार सोलत होती. "काय गं, खिचडी उरली का आज?"

"आक्का, बाळाला दवाखान्यात न्यायला हवं."

"कुणाच्या?"

"आपल्या. तिचं वजन वाढलेलं नाही."

"मागल्या म्हयन्यात सव्वीसशे सांगितलं ते कुणी? तूच ना? मग आज काय काटा बिघडला का तू बिघडलीस?" ती सुनेकडे वळली. "खिचडीवाल्या बायका आता डाक्टर झाल्या. आमच्या दारात म्हशी हायेत, आन् आमच्या लेकराला कुपोषित म्हणत्यात. तळाची खोली जड झालीय का गं तुम्हाला?"

एरवी मी तिथूनच मागे फिरले असते. वळलेही होते. पण सुनेच्या खांद्यावर बाळाची मान कशी पडली होती ते दिसलं. मी काटा झोपाळ्याच्या कडीला अडकवला. तोंडाने सांगणं मला जमणार नव्हतं. झोळीत फक्त कुंची, शाल आणि दुपट्टं ठेवलं.

"किती आलं, आक्का?"

ती उठली नाही. पण नजर काट्यावर गेलीच. "सहाशे."

"मंडईत तुम्ही पाटीसकट भाजीचं वजन धरायच्या का?"

"पाटीचं आधी वजा करायचं. येड्यासारखं काय इचारतीस?"

तिचा हात मटारांवर थांबला. ती उठून काट्याजवळ आली, कपडे स्वतः उचलून बाहेर काढले, परत ठेवले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आन हिला."

बाळाला नुसत्या झबल्यावर ठेवलं. बावीसशे. आक्काने आकडा दोनदा वाचला.

"हे तू आदी का न्हाई बोललीस?"

"तुम्ही कपडे काढू नको म्हणालात, आणि मी ऐकलं. ऐकायला नको होतं."

"माझ्यावर ढकलतीस व्हय?"

"नाही. आकडा मी सांगितला होता."

सून रडायला लागली. आक्का तिच्यावर ओरडली, "रडती काय, चप्पल घाल!" मग मला, "सरकारीत कशाला? जिथं जन्मली तिथं नेऊ."

"तिथं पेटीत ठेवतील आणि हिला घरी पाठवतील. बाई म्हणाल्या, सरकारीत आईला बाळाजवळ ठेवून घेतात."

रिक्षात सुनेने बाळाला गाऊनच्या आत छातीशी घेतलं, वर आक्काने आपला पदर पांघरला. बायपासला गाड्या मुंगीसारख्या चालल्या होत्या. आक्का दर दोन मिनिटांनी पदराखाली हात घालून बघत होती आणि रिक्षावाल्याला म्हणत होती, "अहो, चालत गेलो असतो तर पोचलो असतो." रिक्षावाला म्हणाला, "उतरा मग, मावशी." कोणी हसलं नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने बाळाला तपासलं, साखर बघायला टाचेतून थेंबभर रक्त घेतलं. इलेक्ट्रिक काट्यावर वजन आलं, एकवीसशे ऐंशी. मग कार्ड उघडलं.

"गेल्या महिन्यात सव्वीसशे? म्हणजे चारशेच्या वर उतरलं? जुलाब झाले? उलट्या? ताप येऊन गेला?"

सून नाही नाही म्हणत होती आणि डॉक्टरणीला ते पटत नव्हतं. ती सिस्टरला कसल्या कसल्या तपासण्या सांगायला लागली. आजूबाजूला आठ-दहा बायका होत्या. आक्का माझ्याकडे बघत होती, पण काही बोलत नव्हती. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम, ते कार्ड चुकीचं आहे," मी म्हटलं.

"काय? मोठ्याने बोला."

"कार्डावरची वजनं खोटी आहेत. कपड्यांसकट केलेली. मी केली. बाळ उतरलेलं नाही. ते वाढलंच नाही."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "दोन्ही वजनं?"

"दोन्ही. आज सहाशेचे कपडे होते. आधी किती होते ते मला सांगता येणार नाही."

तिने कार्डावर दोन्ही आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि सिस्टरला म्हणाली, "आधी भरती करून घ्या. पाजण्यापासून सुरू करू. बाटली बंद."

पहिले तीन दिवस वजन तसूभर हललं नाही. चौथ्या दिवशी दहा ग्रॅम उतरलं. बाळाला ओढायची ताकद नव्हती, म्हणून सुनेचं दूध वाटीत काढून दर दोन तासांनी चमच्याने पाजत होते. बाकीचा वेळ बाळ तिच्या छातीवर. मी रोज काम संपलं की दोन बस बदलून जायचे आणि वॉर्डच्या दाराबाहेर उभी राहायचे. आत जायची मला हिंमत होत नव्हती. आक्का बाहेर यायची, आकडा सांगायची आणि परत आत जायची. बोलणं एवढंच.

इकडे बाईंनी सगळ्या लहान बाळांची वजनं पुन्हा करायची ठरवलं. खोलीत शेगडी ठेवून खोली गरम केली, दार लावून घेतलं. "घरोघर बोलवायला तुम्ही जा," त्या मला म्हणाल्या. "आणि का ते खरं सांगा." मी सात घरी गेले. सात वेळा सांगितलं. एका आईने दार तोंडावर लावलं आणि तासाभराने बाळाला घेऊन आली. सहा बाळं बरी निघाली. सातवं, मागच्या चाळीतल्या रंगकाम करणाऱ्याचं दीड महिन्याचं पोर, कमी भरलं. त्याच्या आईने त्याला पुन्हा गुंडाळून छातीशी धरलं. मी म्हटलं, "चल, मी येते."

त्या दोघांना घेऊन मी वॉर्डाशी पोहोचले तेव्हा आक्का बाकावर डबा धूत बसली होती. तिने त्या आईकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं.

"ह्येचं पण तसंच?"

"हो."

"आणखी किती हायेत?"

"एवढंच. सगळी बघितली."

आक्काने डबा पुसला. त्या आईला म्हणाली, "बस हितं. पाणी पी. सिस्टर आत हाय, मी बोलते तिच्याशी." मग उठता उठता मला, "आमची आज पस्तीस वाढली. भायेर काय उभी राहतीस वॉचमनसारखी? आत ये, बघ."

मी चपला बाहेर काढल्या, हात धुतले आणि आत गेले. सून पाठीला उशी लावून बसली होती. वाटीत थोडंच दूध उरलं होतं. तिने चमचा भरून उचलला आणि तो अजून वाटीवरच होता तेव्हाच बाळाने तोंड उघडलं.