भोपळ्याचा वीकली ऑफ

गेल्या गुरुवारी मी सुट्टी असून ड्यूटी केली... आमच्या कुत्र्याच्या जागी.

आम्ही पिंपळे गुरवला राहतो. मुलगी जुई, नऊ वर्षांची. तिला ऑटिझम आहे. बोलते, पण मोजकं. भोपळा हा आमचा लॅब्रॅडॉर. गोल आणि पिवळा, म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. ‘सर्व्हिस डॉग’ म्हणताना मी जरा अडखळतो, कारण आमच्याकडे कसलं सर्टिफिकेट नाही. एका ट्रेनरताईंनी दीड वर्ष घरी येऊन त्याला शिकवलं... आणि आम्हालाही.

बाहेर पडताना त्याच्या अंगात केशरी जॅकेट असतं. त्यावर लिहिलंय, ‘कामावर आहे. हात लावू नका.’ जॅकेटचा एक पट्टा जुईच्या हातात. रस्ता आला की तो थांबतो, म्हणून ती थांबते. ती घाबरली की तो तिच्या पायांवर आडवा पडतो आणि त्या वजनाने ती शांत होते.

घोळ माझाच. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, सुट्टी गुरुवारी. जुईचा कॅलेंडरवर फार जीव... बाबांचा गुरुवार लाल, आईचा शनिवार-रविवार लाल. मागे एकदा मी गमतीत म्हणालो, "भोपळ्यालाही वीकली ऑफ हवा की!" आणि स्वतःच्या हाताने गुरुवारी आणखी एक लाल गोल काढला. तेव्हापासून गुरुवारी जॅकेट खुंटीवर. त्या दिवशी आम्ही तिला सहसा बाहेर नेत नाही, त्यामुळे निभत होतं.

आता जुईची एक दाढ किडली होती, दुधाची. चार दिवस ती एकाच बाजूने खात होती, तेही फक्त दहीभात. याआधी दोनदा ती तोंड न उघडताच खुर्चीतून पळाली, म्हणून दातांच्या दवाखान्यातून तशीच परत आणली होती. या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "कुत्र्याला घेऊन या, माझी हरकत नाही. गुरुवारी चालेल?" मी म्हटलं, गुरुवारी मला सुट्टीच आहे, उत्तम!

माझी सुट्टी आठवली. भोपळ्याची नाही.

गुरुवारी खुंटीवरून जॅकेट काढलं तर जुई कॅलेंडरसमोर उभी. "भोपळा ऑफ." मी विनवलं, बिस्किटाचं आमिष दाखवलं. भोपळा पंख्याखाली चारी पाय ताणून झोपलेला. शेवटी मी कंपनीची भाषा वापरली... "जुई, आज भोपळ्याचा ओव्हरटाइम."

तिने गुरुवारचे दोन्ही लाल गोल पाहिले. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "ओव्हरटाइम बाबा."

आणि जॅकेट माझ्या गळ्यात अडकवलं. पट्टा माझ्या बेल्टला लावला. बायकोचं वर्क फ्रॉम होम होतं. तिने मीटिंग म्यूट केली आणि विचारलं, "अहो, पट्टा घट्ट नाही ना झाला?"

गेटवर तात्या बसलेले. आमची सोसायटी त्यांच्याच जुन्या शेतावर उभी आहे. त्यांनी चष्मा वर करून जॅकेट वाचलं. "आज कुत्र्याला सुट्टी हाय व्हय? मंग आता तुला बी हात लावायचा न्हाई का रं?"

खरं सांगतो, मला लाज वाटली. आणि लाज वाटली याची नंतर जास्त लाज वाटली.

चौकात एक सिमेंटचा मिक्सर हॉर्न वाजवत गेला. जुईने कान दाबले. मी सवयीने सुरू झालो, "घाबरू नको, काही नाही, गेला गेला, शहाणी ना तू..." तिने पट्ट्याला हिसका दिला.

"भोपळा बोलत नाही."

मी गप्प झालो. कडेला नुसता उभा राहिलो, तो राहतो तसा. एरवी मी तिला हाताला धरून ओढतो, हे तेव्हा लक्षात आलं. थोड्या वेळाने ती स्वतःच कानावरचे हात काढून निघाली.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुत्रा कुठाय?" मी जॅकेटकडे बोट दाखवलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "बरं. मग तुम्ही खाली बसा."

मी खुर्चीपाशी फरशीवर बसलो, दोन्ही हात तिच्या पायांवर आडवे टाकले, हनुवटी तिच्या गुडघ्यावर. जड होऊन. निदान दहा वेळा तोंडावर आलं, ‘झालंच बाळा’... गिळलं. तिचे पाय थरथरत होते. मग थरथर कमी झाली. मग माझ्या केसांत तिची बोटं आली, भोपळ्याच्या कानामागे फिरतात तशी. आणि तिने तोंड उघडलं.

दाढ निघाली. रडली थोडी, पण उठून पळाली नाही.

एका नमुन्यावरून मालाचा अख्खा लॉट पास करायचा नाही, ही आमच्या डिपार्टमेंटची शिस्त. त्यामुळे निष्कर्ष काढत नाही. भुलीच्या औषधाने झालं असेल, डॉक्टरबाईंच्या हलक्या हाताने झालं असेल. पण नऊ वर्षं मी जे ‘काही होणार नाही’ म्हणत आलोय, ते तिला सांगत होतो की स्वतःला... हा प्रश्न त्या फरशीवर बसल्यापासून सुटलेला नाही.

घरी आल्यावर जुईने माझ्या गळ्यातलं जॅकेट काढून खुंटीला लावलं. मग एरवी भोपळ्याची ड्यूटी संपली की करते तसं त्याचा डबा उघडून एक बिस्किट माझ्या तळहातावर ठेवलं. दिवसभर झोपलेला भोपळा तेवढ्यासाठी उठून समोर येऊन बसला.

अर्धं त्याला दिलं, अर्धं मी खाल्लं. चवीचं विचारू नका... पण इतक्या वर्षांच्या नोकरीत ‘काम नीट झालं’ असं इतक्या स्पष्टपणे मला कुणी सांगितलं नव्हतं.