दारात उभ्या राहिलेल्या बायका

उदगीरहून निघताना आईने बॅगेत शेंगदाण्याची चटणी कोंबली आणि बजावलं, "बाई परदेशातली आहे, नीट बोल. तुझं नाव छापणार आहेत." आमच्या घरात दहावीपुढे गेलेला मी पहिला आणि पुस्तकात नाव येणाराही पहिलाच.

ती बाई म्हणजे नॉर्वेच्या आस्ताबाई, साहित्याच्या अभ्यासक आणि संपादक. निवृत्तीनंतर त्या आगरी-कोळी लग्नगीतांचं पुस्तक करत होत्या. ध्वनिमुद्रणं ऐकून गाणी लिहून काढायचं काम आमच्या सरांमुळे मला मिळालं. छापण्याआधी प्रत्येक गाणं ते म्हणणारीला वाचून दाखवायचं, तिने मान्य केलं तरच घ्यायचं, हा त्यांचा नियम. त्यासाठीच मी मीरा-भाईंदरला आलो होतो.

शांती नगरात रिक्षा मिळाली. "वरसावे? ब्रिज के उस पार ना भाऊ?" चालकाने विचारलं. मी मोठ्या विश्वासाने "हो" म्हणालो. गाव अलीकडेच होतं. खाडीवरचा वारा आणि ट्रकांची धूळ खात पूल पायी परत ओलांडला.

ओट्यावर आस्ताबाई सोडे (वाळवलेली कोळंबी) निवडत बसल्या होत्या. "पूल चुकलात ना? मीही चुकले होते," त्या सावकाश, स्वच्छ मराठीत म्हणाल्या. शेजारी जनाबाय, गावची धवलारीण (लग्नात विधीची गाणी म्हणणारी).

मी त्यांचं गाणं वाचायला लागलो. जनाबाय डोळे मिटून मान डोलवत होत्या. मध्येच डोळे उघडले.

"माजी सासू कुठं हाय?"

मला कळेना. मग उलगडलं. गाण्यात जनाबाय आपल्या घरातल्या मेलेल्या बायकांना एकेकीचं नाव घेऊन लग्नाला बोलावतात. चौदा नावं, चौदा वेळा तीच ओळ. दोन ठेवून बाकीची मी पुनरुक्ती म्हणून गाळली होती. शाळेत निबंध असाच आटोपशीर करायला शिकलो होतो.

"बारा जनींना दारात उभं केलंस तू. आवतन न्हाय, तर आत कशा येतील? ह्ये माजं गानं न्हाय. नको छापू."

माझ्या छापील नावाचं काय होणार, हेच आधी मनात आलं. आजही लाज वाटते.

जनाबायच्या सुनेने, सुनीताताईंनी, तांदळाची भाकरी आणि सोड्यांचं कालवण वाढलं. "जेव रे, सासूबाय रागावल्या तरी उपाशी न्हाय धाडत कुनाला!" जनाबाय हसल्या नाहीत.

जेवताना आस्ताबाई म्हणाल्या, "मी बेटावरच्या मासेमाराची मुलगी. घरात पहिली शिकलेली. माझं पहिलं संपादन मासेमारांच्या पत्रांचं. हवामान, जाळ्यांची डागडुजी सगळं काढलं, ते साहित्य नाही म्हणून. एका विधवेने पुस्तक परत आणून दिलं. म्हणाली, माझा नवरा हवामानाबद्दलच बोलायचा, तोच तू काढून टाकलास." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तेव्हापासून मी आधी वाचून दाखवते. तुम्ही माझ्यापेक्षा लवकर चुकलात, बरं झालं."

मी ताट सारलं आणि जनाबायपुढे कोरी वही उघडली. "आजी, पुन्हा म्हणाल का? एकही सोडणार नाही."

"हात धुवून ये आदी."

त्या म्हणू लागल्या. हिराबाय, चांगुणा, बारकूबाय... प्रत्येक नावाआधी त्या किंचित थांबत, कुणी उंबरा ओलांडायची वाट पाहावी तशा. चौदावं लिहून मी सगळं वाचून दाखवलं.

"आता बसल्या समद्या," जनाबाय म्हणाल्या. "छाप."

परतीच्या बसमध्ये वही मांडीवर होती. मला माझ्या आजीचं नाव ठाऊक होतं, त्यामागे अंधार. आईला फोन लावला.

"आजीच्या आईचं नाव काय गं?"

"अगोबाई, हे कशाला आता?" मग म्हणाली, "नावानं कोण हाक मारायचं रे तिला? सगळे थोरलीच म्हणायचे."

मी वहीच्या शेवटच्या पानावर 'थोरली' लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं.