नाथाजींनी न लावलेली जोड

आमच्या परड्यापलीकडे नाथाजीभावजींचं एकखणी घर. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही, मग त्यांनी पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. कृष्णाकाठच्या आठ-दहा गावांत जत्रेला कुस्त्यांचा फड भरला की जोडी लावायला त्यांनाच बोलावणं यायचं. पैलवानाचं मनगट धरायचं, छातीवर तळवा टेकायचा आणि याची गाठ कुणाशी घालायची ते ठरवायचं. त्यांनी एकदा सांगितलं की त्यावर कुणी बोलायचं नाही.

शब्दाचा हा मान त्यांनी फार मोल देऊन मिळवला होता. जत्रेआधी महिनाभर ते कुणाच्या घरचं पाणी घ्यायचे नाहीत. ज्याच्या घरी पाणी प्यालो त्याच्या पोरासाठी हात सैल सुटतो, असं म्हणायचे. आणि एक जत्रा सरली की दुसरी होतीच. त्यामुळं अर्धं वर्ष हा माणूस कुणाचा उंबरा ओलांडत नसे. वास्तुशांतीची पंगत बसली तरी रस्त्यावरूनच हात जोडून पुढं जायचे. दिवाळीत मात्र भाऊबीजेला धाकट्या बहिणीकडे, साळूबाईकडे, पाटावर बसायचे. आपलं म्हणावं असं तेवढंच एक घर.

साळूबाईचा कृष्णात तालमीत चांगला तयार झाला होता. सांगलीचे एक वस्ताद त्याला आपल्याकडे नेणार होते. सेहेचाळीस सालच्या फाल्गुनात त्याला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस पोर अंथरुणाला खिळलं. साळूबाईनं गावात सांगितलं की तो औंधाकडं पाहुण्यात गेलाय. खरं काय ते तिला, भावाला आणि मला ठाऊक. मी मागच्या दारानं पेज पोचवायची, यमाईला नवसही बोलले होते. पैलवान तापानं झिजला हे एकदा कळलं की त्याला कुणी फडात बोलवत नाही, वस्तादही नेणार नाहीत. म्हणून तिनं आम्हां दोघांकडून देवीची शपथ घेतली.

चैत्रात जत्रा भरली. आम्ही बायका देवळाच्या ओट्यावर होतो, फड तिथून दिसतो. फडातलं बोलणं मला मालकांनी सांगितलं. ते जत्रेच्या पंचांत होते. शेवटची, चांदीच्या कड्याची कुस्ती मिरजेच्या कुतुबुद्दीनची आणि लोणंदच्या एका पैलवानाची नेमलेली. गाडी चुकली की काय झालं देव जाणे, लोणंदचा गडी आलाच नाही. ऊन उतरायला लागलं, तशी माणसं चिडली. मातीची ढेकळं फडात पडायला लागली. तेवढ्यात कुणीतरी कृष्णातचं नाव घेतलं आणि सगळा फड तेच नाव घ्यायला लागला. कृष्णात पण लांग कसून उभा राहिला. लांबून अंगपिंड दिसत होतं. आतून पोकळ झालेलं कुणाला दिसणार?

नाथाजींनी त्याचं मनगट धरलं आणि सोडलं. म्हणाले, "ही जोड लागायची न्हाई."

"का रं नाथा, भाच्याला पदराखाली घेतलंस व्हय?" मागून कोंडीबा पाटील ओरडला, आणि हशा पिकला.

भावजींनी आधी हलगी थांबवली. मग गावोगावची म्हातारी माणसं हाताला धरून धरून पुढं आणली आणि फडाच्या कडेनं बसवली. आता ढेकूळ टाकायचं तर ते कुणाच्या तरी बापाच्या डोक्यात जाणार. हात आपोआप खाली आले. मग ते कुतुबुद्दीनजवळ गेले.

"पैलवान, न खेळता परत जाणार, का आमची तीन पोरं एकामागं एक घेणार? तिघं पाडली तर कडं तुमचं. एक जरी चीत न होता सुटला तर गावाचं."

कुतुबुद्दीन हसला आणि त्यानं शड्डू ठोकला. दोघं झटक्यात गेले. तिसऱ्यानं, हरणाबाईच्या ज्ञानूनं, असा दम धरला की पाव तास माणसं टाचा वर करून बघत होती. शेवटी तोही चीत झाला, पण फड खूश होऊन उठला. डोकं कुणाचं फुटलं नाही.

भाच्याला वाचवलं, हे बोलणं मात्र गावात राहिलं. नदीवर धुणं धुताना बायका तेच बोलायच्या. माझ्या तोंडात शपथ होती. पण खरं लिहायचं तर शपथेपेक्षा भीती जास्त होती, की साळूबाई मला तोडेल. मी पिळे घट्ट पिळत राहिले. कृष्णातला तर चारचौघांत मामानं नालायक ठरवलं असं वाटलं. त्यानं आईला बजावलं, आणि त्या दिवाळीला साळूबाईचं बोलावणं आलं नाही. भावजी दिवसभर पटका बांधून दारात बसले होते. मी ताट घेऊन गेले. म्हणाले, "वैनी, आज भूक न्हाई."

पुढच्या जत्रेच्या बोलावण्याचा नारळही त्यांच्याकडं आला नाही. जोडी लावायला पलीकडच्या गावचे नानासो आले. सांगलीच्या तालमीत वर्ष काढून आलेला कृष्णात शेवटची कुस्ती जिंकला. त्याला खांद्यावर घेऊन मिरवणूक आमच्या आळीतून निघाली. भावजी परड्याच्या कुडाशी उभे होते, मी अलीकडे. कृष्णातनं मान वळवली नाही.

मी हळूच म्हटलं, "भावजी, आता तरी सांगू का लोकांना?"

ते पोराकडंच बघत होते. "नगा. ऱ्हाऊ द्या." आणि मग, "पोराची मान भरलीया, वैनी. आता कुणाशीबी लावा."

मिरवणूक नदीकडं वळेपर्यंत ते तिथंच उभे राहिले.