बुडापेस्टमध्ये आम्ही वेगवेगळे फिरलो

खरं सांगायचं तर आम्हाला कुठंच जायचं नव्हतं. झोपायचं होतं.

माझे सासरे लकव्यानं बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेले होते. मागच्या थंडीत ते गेले आणि रायपूरच्या आमच्या घरात एकदम करण्यासारखं काही उरलं नाही. माझा नवरा विलास सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. ड्यूटीवरून आला की वडिलांना पुसून घेणं, कूस बदलून देणं, पाय चोळणं हे सगळं तोच करायचा. मी नवा रायपूरला सरकारी ऑफिसात. स्वयंपाक, औषधं, दिवसा येणाऱ्या बाईच्या सुट्ट्या माझ्याकडे. आम्हा दोघांत बोलणं व्हायचं ते एवढंच: गोळी दिली का, चादर बदलली का. बाबा गेले आणि तेही थांबलं.

आमची पोट्टी पल्लवी पुण्यात नोकरी करते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. ती फोनवर म्हणाली, “मम्मी, आप दोनों कहीं बाहर जाओ. ऐसे बैठे-बैठे बीमार पड़ जाओगे.” बुडापेस्ट तिनंच शोधलं. जुनं शहर, मधून वाहणारी नदी, आणि पॅरिस-रोमपेक्षा खिशाला बरं. विलास म्हणाला, “हव, जाऊ.” गॅस सिलेंडर बुक करू का विचारल्यावर तो ज्या आवाजात हव म्हणतो, अगदी त्याच आवाजात.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. शेंगेन व्हिसा लागतो, तारीख लवकर मिळत नाही, म्हणून कागदपत्रं आधीच तयार ठेवा. आम्ही त्यासाठी दिल्लीला जाऊन आलो. थर्मल आणि मोजे रायपूरच्या पंडरी बाजारातून घेतले, आणि तिथंच एका दुकानातून माझ्यासाठी पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा ड्रेसही. दुकानदार म्हणाला, “दीदी, बच्ची के लिए?” मी हो म्हणून टाकलं. रायपूरहून दिल्ली, तिथून आखातात विमान बदलून बुडापेस्ट. उतरलो तेव्हा अंगातला जीव गेला होता. विमानतळाहून शहरात १०० ई नावाची बस येते. तिचं तिकीट वेगळं असतं, ट्रामचा पास त्यात चालत नाही. आम्ही विमानतळावर काढलेला पास दाखवत उभे होतो आणि ड्रायव्हर मान हलवत होता.

हॉटेल मोठ्या मार्केटजवळ, नदीच्या पेस्ट बाजूला; पलीकडची बाजू बुडा. खोली लहान, लिफ्ट पिंजऱ्यासारखी. शहर पाहायच्या आधी आम्ही दुपारभर झोपलो. म्हणजे मी झोपले. जाग आली तेव्हा विलास खिडकीशी खुर्चीत बसलेला होता.

“झोपले नाही तुम्ही?”

“नाही आली.”

दुसऱ्या दिवशी मार्केट पाहिलं. विटांची भव्य इमारत, वर लोखंडी छत, खाली मिरचीच्या माळाच माळा. पण तिथली मिरची गोड निघाली, तिखट काही नाही. वरच्या मजल्यावर लांगोश खाल्ला. आपला भटुराच म्हणा, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. एकात दोघांचं पोट भरतं. मग दोन नंबरच्या ट्राममध्ये बसून पार्लमेंटला गेलो. ही ट्राम नदीच्या काठाकाठानं जाते, सगळे पूल आणि पलीकडची टेकडी खिडकीतून दिसत राहते. दिवसभराचा पास काढला की कितीही वेळा चढा-उतरा. पार्लमेंट आतून पाहायचं असेल तर घरूनच ऑनलाइन तिकीट काढून ठेवा. सोनेरी जिने, लाल गालिचे, घुमटाखाली ठेवलेला जुना राजमुकुट.

“कसं वाटलं?” बाहेर आल्यावर मी विचारलं.

“छान आहे.”

मार्केटही छान होतं. लांगोश छान होता. नदी छान होती. पल्लवीनं व्हिडिओ कॉल केला तेव्हा त्यानं तिलाही “छान आहे” सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला. माझे पाय दुखत होते, दगडी फरशीनं तळवे पेटले होते, तरी मी फोटो काढत राहिले. इतक्या दूर आलो आहोत तर कोणीतरी खूश दिसायला हवं, असं काहीतरी डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी नदी ओलांडून बुडाच्या टेकडीवर किल्ला पाहायला निघालो. वर जायला १६ नंबरची बस आहे, पण मी म्हटलं पायऱ्यांनी जाऊ, बगिच्यातून रस्ता आहे. अर्ध्यावर आम्ही दोघंही धापा टाकत कठड्याला टेकलो. खाली अख्खं शहर पसरलेलं होतं. विलासनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“तिकीट बदलवता येते का पाहू का?” तो म्हणाला. “लवकरचं भेटलं तर जाऊ घरी.”

“घरी काय आहे?”

“काहीच नाही. पण मी थकलो.”

“अन् मी? मी नाही थकली? मी काय इथं नाचून राहिली?” माझा आवाज चढला. शेजारून जाणारं एक जोडपं आमच्याकडे पाहून पुढं गेलं. “तुम्हाला जायचं असन तर जा. मी नाही येत.”

“बरं,” विलास म्हणाला आणि पायऱ्या उतरायला लागला.

मला वाटलं, वळणावर थांबेल. तो थांबला नाही.

मी वर गेले. पांढऱ्या दगडाचे टोकदार मनोरे, रंगीत कौलांचं चर्च, फोटोसाठी रांगा. गाईडबुकात असतं तसंच सगळं, पण मला त्यातलं आता काही धड आठवत नाही. थोड्या वेळानं फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. बसनं खाली येऊन हॉटेल गाठलं, तर खोलीची किल्ली काउंटरवर तशीच टांगलेली. काउंटरवरची बाई इंग्रजीत म्हणाली, तुमचे मिस्टर सकाळपासून आले नाहीत. मग तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या पाण्याबरोबर माझी सगळी हिंमत गेली. त्याला बीपी आहे. इंग्रजी तोडकंमोडकं. इथं कोणाला विचारायचं, पोलिसांना काय सांगायचं, पल्लवीला कोणत्या तोंडानं फोन करायचा?

काल पार्लमेंटजवळच्या एका बाकावर आम्ही बराच वेळ बसलो होतो. तो तिथं असेल म्हणून तिकडे जायला मी मार्केटसमोरच्या स्टॉपवर येऊन उभी राहिले. पिवळी ट्राम आली. दार माझ्यापुढे उघडलं आणि आतल्या खिडकीला डोकं टेकून विलास झोपलेला दिसला. तोंड उघडं, हात मांडीवर, मफलर खाली लोंबत होता.

मी चढले आणि त्याच्या शेजारी बसले. उठवलं नाही. बाबांचं आजारपण सुरू झालं तेव्हापासून त्याला इतकं गाढ झोपलेलं मी पाहिलंच नव्हतं. घरी जरा खुट्ट झालं की तो उठून बसायचा. पूल गेले, पार्लमेंट आलं, लोक उतरले. शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला आणि गाडी उलट निघाली, तेव्हा विलासला जाग आली.

“कुठं आहो आपण?”

“ट्राममध्ये. फोन काहून नाही उचलला?”

त्यानं खिशातून फोन काढून पाहिला. “सायलेंटवर होता.” मग माझ्याकडे नीट पाहिलं. “तू रडून राहिली काहून?”

मी डोळे पुसले. तोच म्हणाला, “हॉटेलात जायले बसलो अन् झोप लागली. उठलो तर शेवटचा स्टॉप. म्हटलं उतरून तरी काय करू. मग जाऊनच राहिलो, येऊनच राहिलो.”

तो खिडकीकडे वळला. मग नदीकडे तोंड करूनच बोलायला लागला. “रोज प्लांटहून आलो की बाबाले सांगो. कोणता पट्टा तुटला, साहेब कोणावर भडकला, कॅन्टीनमध्ये काय होतं. पाय चोळता चोळता सगळं. त्यायले बोलता नव्हतं येत, पण डोळ्यानं विचारत, मंग? पुढं? आता इथं एवढं पाहून राहिलो, तर वाटते, हे सांगू कोणाले?”

बाबांच्या खोलीतून येणारी ती पुटपुट मी वर्षानुवर्षं ऐकली होती. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मला ती मालिशचाच एक भाग वाटायची.

“मले सांगा,” मी म्हटलं.

“तुले काय सांगू? तू तर संगच आहे. जे मी पायलं तेच तू पायलं.”

मला हसू आलं, आणि त्याचं म्हणणं बरोबरही वाटलं. मी म्हटलं, “मग उद्या मी तुमच्यासंग येत नाही. तुम्ही एकटे किल्ल्यावर जा, मी दुसरीकडे जाते. संध्याकाळी मले येऊन सांगा.”

“एवढ्या दूर येऊन वेगवेगळं फिरायचं?”

“हव.”

त्यामुळे पुढचा भाग मी एकटीनं पाहिलेला आहे. शहरातल्या मोठ्या बागेत गरम पाण्याचं जुनं, पिवळ्या भिंतींचं स्नानगृह आहे. जमिनीतून येणारं पाणी, उघड्यावर वाफाळत असतं. तिकीट बऱ्यापैकी महाग, टॉवेल आणि चपला घरूनच न्या. पंडरीचा तो ड्रेस घालून मी पायरीवर उभी होते. सगळीकडे बायका-पुरुष एकत्र, आणि मला वाटत होतं सगळे माझ्याकडेच पाहताहेत. पायरी बुळबुळीत होती. पाण्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं काही न बोलता हात वर केला. मी तो धरला आणि उतरले. गळ्यापर्यंत पाणी आलं, तशी कंबर ढिली झाली, खांदे ढिले झाले. थकवा गेला वगैरे नाही. उलट तो किती आहे ते तेव्हा कळलं. मी कोपऱ्यात डोळे मिटून बसून राहिले आणि दुपारी बाकावर बसून चक्क पेंगले.

संध्याकाळी एका लहानशा खाणावळीत भेटलो. गोमांस नको असेल तर गुलाश, म्हणजे तिथला मांसाचा रस्सा, मागवताना विचारून घ्या. आम्ही चिकन पाप्रिकाश घेतलं, लाल रस्सा आणि पिठाचे उकडलेले गोळे. विलासनं सुरुवात अगदी शिफ्टचा रिपोर्ट दिल्यासारखी केली. टेकडीवर दोरानं ओढली जाणारी गाडी आहे, एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, दोघं एकमेकांना तोलतात. तो त्यात बसला नाही, खाली उभा राहून नुसता पाहत होता. मग मार्केटजवळच्या हिरव्या लोखंडी पुलाचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे जाड खिळे. मग किल्ल्यात कोणीतरी त्याला विचारलं, पाकिस्तान? हा म्हणाला, छत्तीसगढ. “त्याले काहीच समजलं नाही,” विलास म्हणाला आणि हसला. रस्सा थंड झाला तरी तो बोलत होता. मी मध्ये मध्ये “मंग?” म्हणत होते. मुद्दाम नव्हतं, आपोआप येत होतं.

उरलेले दिवसही आम्ही तसेच काढले. सकाळी वेगळे, संध्याकाळी एकत्र. बरंच पाहायचं राहिलं.

परत आल्यावर पहिला आठवडा दोघंही आजाऱ्यासारखे पडून होतो. शेजारणीनं विचारलं, “क्या-क्या देखे दीदी?” तर आम्ही दोघांनी दोन शहरं सांगितली. ती गोंधळून गेली. अशा प्रवासानं माणूस ताजातवाना होतो असं लोक लिहितात. आमचं तसं काही झालं नाही. विलास अजूनही काही रात्री उठून बसतो. ऑफिसला जायच्या बसमध्ये माझे डोळे अजूनही मिटतात.

पण ड्यूटीवरून आला, हातपाय धुतले की तो आता स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसतो. कधी बोलतो, कधी नाही. काल कन्व्हेयरचा पट्टा बंद पडल्याची लांबलचक हकीकत सुरू होती. मी भाकरी थापत ऐकत होते. तो अर्ध्यातच थांबला आणि म्हणाला, “राहू दे माझं. आज तुझ्या ऑफिसात काय झालं?”

तसं काहीच झालं नव्हतं. मी गॅस बारीक केला आणि सांगायला लागले.