सासूबाईंनी दाखवलेला गड

प्रायव्हेट टूर म्हणजे काय, तर माणसं दोन आणि स्पीकर एक. गाडीतून उतरल्या उतरल्या गाईडनं कमरेला ती स्पीकरची पेटी बांधली, माईक गालाशी ओढला आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या मला आणि सासूबाईंना म्हणाला, "सर्व पर्यटकांचं स्वागत आहे." सासूबाईंनी मागे वळून पाहिलं, अजून कोण आलंय का. कुणी नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही उठून गेलं.

"अहो, आम्ही दोघीच आहोत," मी म्हटलं. "तुमचं तोंडानं बोललेलं ऐकू येईल आम्हाला."

"पॅकेजमध्ये आहे, मॅडम," तो म्हणाला आणि आवाज थोडा वाढवला.

म्हसळ्याच्या अलीकडचा हा गड. फार कुणी येत नाही. वर पडका दरवाजा आहे, तुटका तट आहे, कातळात खोदलेली दोन हजार वर्षांपूर्वीची पाण्याची टाकी आहेत, आणि बाकी सगळी करवंदाची जाळी. सुट्टीच्या दिवशी मुंबईची पोरं पन्नास-पन्नासच्या टोळीनं येतात आणि घोषणा देत उतरतात. सासूबाईंना घेऊन त्या गर्दीत जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी हे प्रायव्हेट प्रकरण ठरवलं. गाडी, नाश्त्याला पोहे, दुपारी चुलीवरचं जेवण, आणि हा माणूस. वय चाळिशीचं, पोट सुटलेलं, शिट्टी गळ्यात.

आता आम्ही तिथं का गेलो ते सांगते. हौस म्हणून नाही.

आम्ही रेवदंड्याचे. सासूबाईंनी पंच्याहत्तरी ओलांडली, आणि गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. एकदा सुके बोंबील त्यांनी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवले आणि चार दिवस आम्ही उंदीर मेला म्हणून घर उलथंपालथं केलं. हे सगळं मी धकवून नेलं असतं. पण मग सुरू झालं 'वरचं घर'. "गडावर आमचं घर हाय. दाराशी चिंच हाय. म्हस व्याला झालीय, मला जायला पायजे." असं म्हणून गाठोडं बांधायचं आणि रिक्षा स्टँडवर जाऊन उभं राहायचं. रिक्षावाले ओळखीचे, ते परत आणून सोडायचे. एकदा मात्र त्या साळावच्या पुलावर सापडल्या. एकट्या, अनवाणी, भर उन्हात, ट्रकच्या बाजूनं चाललेल्या.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, असलं घर कधी नव्हतंच. आईचं माहेर गडाच्या पायथ्याला, मामाच्या घरी तो सुट्टीत राहिलेला. "गडावर भुतांशिवाय कोण राहणार?" डॉक्टरांनीही सांगितलं, अशा आजारात डोकं गोष्टी रचतं, तुम्ही वाद घालू नका. खारघरच्या धाकट्या दिरानं कर्जतकडची एक संस्था शोधून काढली. चांगली होती, मी फोटो पाहिले. रविवारी तो गाडी घेऊन न्यायला येणार होता. सासूबाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं.

लोकांनी नावं ठेवायच्या आधी मीच सांगते. हो, मी हो म्हटलं होतं. नवरा थळच्या कारखान्यात शिफ्टला, मुलगी पुण्याला, आणि पुलावर शोधत फिरायला मी. नाकीनऊ आले होते माझ्या.

मग सोमवारी काय झालं, त्यांनी पुन्हा गाठोडं बांधलं आणि मी ते हिसकावून घेतलं. चिडून म्हटलं, "आई, कुठलं घर? नाही आहे असलं काही घर!" त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी येडी हाय तर हाय बाय. पन घर हाय."

ते माझ्या डोक्यातून जाईना. रात्री नवऱ्याला म्हटलं, गुरुवारी मी यांना गडावर नेते. घर सापडलं तर पाठवायचं नाही. नाही सापडलं तर बॅग मीच भरीन. "बरं बरं, जा," तो म्हणाला. लहान मुलाला म्हणतात तसं. आणि खरं सांगू? तिथं काही सापडू नये असंच मला वाटत होतं. मी दमले होते हो. एकदा पाहून यायचं आणि निश्चिंत झोपायचं, एवढाच माझा हिशेब.

गाडी अर्ध्या डोंगरापर्यंत जाते. पुढे चढण. गाईड म्हणाला, आजींसाठी डोली बोलावता येते, आधी सांगितलं असतं तर. सासूबाई म्हणाल्या, "डोलीत बाळंतीन घालतात, न्हायतर मेलेला." मग त्यांनी चपला काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि चालायला लागल्या. मी पन्नाशीची, रोज सकाळी समुद्रावर फिरायला जाणारी. पहिल्याच वळणावर मला धाप लागली आणि त्या पुढे दिसेनाशा झाल्या. मागून स्पीकर इतिहास सांगत होता.

दरवाजातून आत गेल्यावर गाईडनं आम्हाला एका ओळीत उभं केलं. दोघींची ओळ. समोर दगडी जोती होती, सहा-सात, गवतात बुडालेली. "हा भाग अतिशय महत्त्वाचा. इथे किल्ल्याची शिबंदी, म्हणजे सैनिक राहत असत. आणि हे पाहा उखळ." कातळात एक खोल गोल खड्डा होता, पाणी साचलेला. "यात तोफेची दारू कुटली जायची."

सासूबाई त्या खड्ड्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते.

"आई, यातलं घर कुठलं?"

त्यांनी पहिलं जोतं दाखवलं. मग म्हणाल्या, न्हाय, ते पल्याडचं. मग तिसऱ्यापाशी गेल्या. "चिंच कुठाय?" म्हणाल्या. चिंच नव्हतीच. चारी बाजूंना एकही चिंच नव्हती, खोडसुद्धा नाही. त्यांचा चेहरा उतरला. मला माझ्या धाकट्या जावेच्या नावानं हाक मारून म्हणाल्या, "हितं तलाव होता का गं?" गाईडनं माईकमधून सांगितलं की इथे तलाव कधीही नव्हता आणि वस्तीही नव्हती, पुस्तकात तशी नोंद नाही.

झालं, म्हटलं मनात. हेच हवं होतं ना तुला? मग घे. पण मला काही बरं वाटलं नाही. मी उगाच गाईडवर डाफरले, की तो आवाज बंद करा आधी, डोकं उठलंय माझं. त्यानं बंद केला. पिशवीतून चिक्की काढून दिली. पॅकेजमध्ये होती.

सासूबाई चिक्की हातात धरून उकिडव्या बसल्या. बसल्या आणि समोर बघत राहिल्या. मग तशाच बसल्या बसल्या बाजूला सरकल्या. अजून थोड्या. साडीचा घोळ सावरत, पावलांवर सरकत, दोन-तीन हात. गाईड माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, राहू द्या.

"खाडी," त्या म्हणाल्या.

"काय आई?"

"खाली बस. उभं ऱ्हाऊन न्हाय दिसत."

मी बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. समोर दोन डोंगर होते, त्यांच्यामधे झाडी. उभं राहिलं की पुढच्या फांद्या आड येत होत्या. उकिडवं बसल्यावर त्या फांद्यांच्या खालून, दोन डोंगरांच्या बेचक्यात, खाडीच्या पाण्याचा एक तुकडा दिसत होता. चिंचोका असतो ना, तेवढाच.

"वरीचं दानं कांडताना आईच्या समोर ता पानी असायचा," त्या म्हणाल्या आणि त्या पाणी साचलेल्या उखळावर हात ठेवला. "ही आईची. दारूबिरू काय न्हाय."

गाईड समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, अशी उखळं प्रत्येक किल्ल्यावर असतात."

"असतील. माझी असंल का?"

"तुमची?"

"त्या जाळीत बघ. आईच्या उजव्या हाताला. लहान हाय. मी मधीमधी करायची, मुसळ लागंल म्हनून बापानं मला येगळी करून दिलेली. बापाचा अंगठा फुटला होता ती करताना."

करवंदाची जाळी पुरुषभर उंच. गाईडनं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बॅगेतून कोयता काढला. हा मात्र पॅकेजमध्ये नव्हता. दहा-पंधरा मिनिटं तो जाळी तोडत होता, हातांना काटे लागत होते, आणि सासूबाई बसल्या जागेवरून "अजून हिकडं" करत होत्या. खाली कातळ लागला. त्यावर पाचोळा आणि माती. मी पुढे होऊन हातानं माती सारली. सपाट कातळ. अजून सारली. आणि माझी बोटं एकदम आत गेली.

मी वेड्यासारखी माती उपसत सुटले. नखं भरली, बांगडी वाढली. तळ लागला तेव्हा माझी मूठ त्यात बरोबर बसत होती. वाटीएवढं उखळ. कडा गुळगुळीत, आणि एका बाजूला छिन्नी निसटल्याचा ओरखडा.

गाईडनं गळ्यातला माईक काढून पिशवीत ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं.

"गावलं?" सासूबाईंनी लांबूनच विचारलं. मी मान हलवली. गेलं वर्षभर मी या बाईला रोज तोंडावर खोटं पाडत होते. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं, आणि तो बिचारा गाईड पाण्याची बाटली घेऊन माझ्याशेजारी उभा राहिला.

मग तो त्यांच्यापुढे मांडी घालून बसला आणि विचारत गेला. घरं सात होती. तलाव म्हणजे ते वरचं टाकं, लहानपणी त्यांना तलावाएवढं वाटायचं. टाक्याला तडा गेला, पाणी राहीना, म्हणून सगळे खाली उतरले. तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या. चिंचेचं काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं.

"मग आम्हाला कधी सांगितलं का नाहीत, आई?"

"खाली पोरी म्हनायच्या, गडावरची माकडं आली. बाप बोलला, कुठं बोलायचा न्हाय. मंग न्हाय बोलले." मग चिक्की मोडत म्हणाल्या, "इसरत चालले, तवा बोलायचा न्हाय त्येबी इसरले."

चुलीवरचं जेवण आम्ही तिघं एका चटईवर बसून जेवलो. गाईडनं त्यांच्या भाकरीवर तूप वाढलं.

परतीच्या वाटेवर गाडीत त्या डोळे मिटून होत्या. झोपल्यात असं वाटून मी नवऱ्याला फोन लावणार, तोच त्या म्हणाल्या, "बाय, रविवारी नेनार ना मला?"

मी फोन मांडीवर ठेवला. "कोण म्हणालं?"

"परकरांवर नाव घालतेस ना दोऱ्यानं. मी झोपले की बसतेस खिडकीशी, फोनवर रविवार रविवार बोलतेस."

संस्थेत कपडे एकत्र धुतात, म्हणून प्रत्येक कपड्यावर नाव हवं होतं. सहा परकर झाले होते माझे. वाटलं, चालत्या गाडीतून उडी टाकावी.

"आई, नाही नेणार कुणी. खरंच नाही."

"न्या की. मी काय ओरडनार न्हाय. घर बघितला, आता कुठंबी ठेवा. पन ता नाव काढ. ता तुझ्या सासऱ्यानं ठेवलेला. वळखीचा कोन नसंल तिथं तर निदान माझा मला असू दे."

"तुमचं काय होतं आई?"

त्यांनी सांगितलं. तीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली स्वयंपाक केला, त्यांची दुखणी काढली, आणि हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. नवऱ्याला फोन करून विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं.

रविवारी दीर बायकोसकट आला, मटण जेवला आणि सासूबाईंना न नेताच परत गेला. जाताना म्हणाला, वहिनी, पुढं झेपेल ना? मी म्हटलं, नाही झेपणार, तू दर महिन्याचे आठ दिवस येऊन राहा. त्यानं बायकोकडे पाहिलं. पण येतो, कबूल करायला हवं.

डॉक्टर म्हणाले तसंच चाललंय, विसरणं वाढतंय. जुने धागे उसवून सहाही परकरांवर मी ते नाव घातलं, आणि ते नेसून त्या आमच्याच घरात आहेत. हल्ली 'आई' म्हणून हाक मारली तर पुष्कळदा वळत नाहीत, नवऱ्यानं मारली तरी नाही. त्या नावानं मारली की लगेच 'ओ' देतात.